पंचावन्न गुणांच्या आधी

३१ ऑगस्ट २०१९ ला लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संघाने, अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात जॉर्जिया सदर्नला ५५-३ असं धुतलं. क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने) २७ पैकी २३ पास पोचवले, पाच टचडाउन पास (थेट सहा गुण मिळवून देणारे) दिले, आणि ते पाचही मध्यंतराच्या आत. बाहेरच्याला वाटावं, चला, ऑफेन्स, म्हणजे आक्रमण, सुधारला. लुइझियानातल्या जुन्या प्रेक्षकाला मराठी येत असतं तर तो गुणफलकाकडे बघून 'पहिले पाढे पंचावन्न' एवढंच म्हणाला असता. लहान गटातला पाहुणा संघ, घरचं मैदान, हंगामाचा पहिला शनिवार. असे सामने त्याने खूप पाहिले होते, आणि त्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबरही.

त्याच्या संशयाचं मूळ २०११ च्या हंगामात आहे. त्या वर्षीच्या ५ नोव्हेंबरला टस्कलूसात एलएसयूने अलाबामाला जादा वेळेत ९-६ असं हरवलं. दोन्ही बाजूंनी एकही टचडाउन नाही, सगळे फील्ड गोल (लाथेने मारलेले, प्रत्येकी तीन गुणांचे). शतकातला सामना म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता, आणि बचाव आवडणाऱ्यांसाठी तो तसा होताही. दोन महिन्यांनी, ९ जानेवारी २०१२ ला, हेच दोन संघ राष्ट्रीय विजेतेपदासाठी न्यू ऑर्लीन्सला भेटले. एलएसयू ०-२१ ने हरला. साठ मिनिटांत मिळून ९२ यार्ड, आणि मैदानाची मधली रेघ ओलांडली ती फक्त एकदा. तोवर अपराजित असलेला संघ स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या माणसांसमोर असा खेळला. तिथून पुढे प्रत्येक ऑगस्टमध्ये एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: यंदा ऑफेन्स बदलणार का?

उत्तरही ठरलेलं, 'यंदा स्प्रेड'. हा शब्द सोयीचा आहे, कारण त्याचा अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. एकासाठी स्प्रेड म्हणजे रिसीव्हर (पास पकडणारे) मैदानाच्या रुंदीभर पांगवणं. दुसऱ्यासाठी हडल (चाल ठरवायला घोळका) न करता भराभर स्नॅप, म्हणजे चेंडू खेळात आणणं. तिसऱ्याच्या स्प्रेडमध्ये तर पासपेक्षा धावच जास्त असते, बचावाला रुंद पसरवून मधली फट पळायला वापरायची. त्यामुळे कोणताही प्रशिक्षक 'आम्ही स्प्रेड खेळतो' असं म्हणाला तर तो खोटं बोलत नसे. फक्त सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन टाइट एंड (लाइनला चिकटून उभे राहणारे गडी) आणि मधून धाव पुन्हा दिसू लागे. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

पुढे फेकलेला पास १९०६ पासून कायदेशीर आहे, पण त्या काळात शिरायची इथे गरज नाही. या गोष्टीला लागणारे नियम गेल्या दशकातले आहेत. २०१४ मध्ये वेगवान ऑफेन्सला आवर घालायला एक प्रस्ताव आला: दोन चालींमधल्या ४० सेकंदांच्या घड्याळातले पहिले दहा सेकंद स्नॅपच करायचा नाही. कारण दिलं खेळाडूंच्या सुरक्षेचं. प्रस्तावाच्या बाजूने बोलायला गेलेले प्रशिक्षक मात्र नेमके संथ खेळणाऱ्या संघांचे होते, हे कोणाच्या नजरेतून सुटलं नाही. ओरड झाली, प्रस्ताव बारगळला. पुढच्या वर्षी दुसरा आला. कॉलेजच्या खेळात पास सुटेपर्यंत लाइनमनला (क्वार्टरबॅकपुढे उभं राहून बचाव अडवणाऱ्याला) तीन यार्ड पुढे जाता येतं, व्यावसायिक खेळात एकच. कॉलेजलाही एकच यार्ड करावा असं नियम समितीने सुचवलं, वरच्या मंडळाने ते बाजूला ठेवलं. तीन यार्ड राहिले. धावायचं की फेकायचं हे स्नॅपनंतर ठरवण्याच्या चाली, म्हणजे आरपीओ, कॉलेजमध्ये इतक्या फोफावल्या त्या बऱ्याच अंशी या दोन जास्तीच्या यार्डांवर.

बॅटन रूजला त्याचा फायदा उशिरा कळला. २४ सप्टेंबर २०१६ ला ऑबर्नने सहा फील्ड गोल मारून १८ गुण केले. एलएसयू १३ वर. शेवटच्या क्षणी एलएसयूचा पास एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या गुणपट्ट्यात) पकडला गेला, एलएसयूचे खेळाडू नाचू लागले, मग पंचांनी चित्रफीत तपासली. स्नॅपच्या आधीच सामन्याचं घड्याळ शून्यावर गेलं होतं. टचडाउन रद्द. दुसऱ्या दिवशी २००५ पासूनचे मुख्य प्रशिक्षक घरी गेले. त्यांनी २००७ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद आणलं होतं, पण ते कामी आलं नाही. २०१७ साठी बाहेरून नवा ऑफेन्स कोऑर्डिनेटर (आक्रमण सांभाळणारा सहायक प्रशिक्षक) आणला. स्नॅपआधी खेळाडू सतत इकडून तिकडे सरकवणं ही त्याची खासियत, आणि त्यावरूनच नव्या मुख्य प्रशिक्षकाशी त्याचे खटके उडाले. घरच्या मैदानावर ट्रॉयकडून २४-२१ अशी हार झाली. वर्षभरात तोही गेला.

मग ऑफेन्स कोऑर्डिनेटरच्या खुर्चीवर बसला घरचा माणूस: सत्तरच्या दशकात याच संघाचा क्वार्टरबॅक असलेला जुना सहायक. २०१६ मध्ये अडचणीच्या वेळी त्याच्याकडे ऑफेन्स सोपवला होता आणि काम झाल्यावर काढून घेतला होता. तरी तो राहिला. २०१८ मध्ये सरासरी ३२.४ गुण झाले, १० विजय, ३ पराभव. अलाबामापुढे मात्र पुन्हा ०-२९.

आता खरा गुंता. जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या व्यावसायिक संघातून एकोणतीस वर्षांचा एक सहायक आला. पद दिलं 'पासिंग गेम कोऑर्डिनेटर'. ऑफेन्स कोऑर्डिनेटर जुनाच. दोघेही सामन्याच्या वेळी वरच्या काचेच्या खोलीत शेजारी बसत. मग चाल कोणाची? बॅकफील्ड (क्वार्टरबॅकच्या आजूबाजूची जागा) रिकामी करून पाचही जणांना पासच्या वाटेवर सोडायचं आणि संरक्षणाला फक्त पाच लाइनमन ठेवायचे, रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) रिसीव्हरसारखं वापरायचं, हे सगळं न्यू ऑर्लीन्सच्या वहीतलं. ते तरुणाने आणलं, यात वाद नाही. पण ते चालवायची परवानगी देणारा, आठवडाभराच्या आराखड्यात बसवणारा आणि तरुणाला मोकळेपणी बोलू देणारा दुसरा होता. साठी ओलांडलेल्या माणसाने हे करणं सोपं नसतं, कोणत्याही कचेरीत काम केलेल्याला ठाऊक आहे. वर्षअखेर देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा मान तरुणाला मिळाला. मला तो अर्धाच बरोबर वाटला.

आणि दोघांनाही सोडून तिसरी बाजू आहेच. क्वार्टरबॅक ओहायो स्टेटमधून मे २०१८ मध्ये आला, म्हणजे पहिल्या हंगामाआधी त्याला जेमतेम उन्हाळा मिळाला. तो हंगाम संपता संपता, १ जानेवारी २०१९ च्या बोल सामन्यात (हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यात), यूसीएफविरुद्ध त्याने ३९४ यार्ड आणि चार टचडाउन पास दिले. एलएसयूने ४०-३२ असा विजय मिळवला. तोवर तरुण प्रशिक्षक रुजूही झालेला नव्हता. सुधारणा सप्टेंबरमध्ये दिसली, सुरू आधीच झाली होती.

दिसली ती ऑस्टिनला. ७ सप्टेंबर, टेक्ससविरुद्ध, एलएसयू ३७-३१ ने पुढे, दोन मिनिटं ३८ सेकंद शिल्लक. तिसरा डाउन (चार प्रयत्नांपैकी तिसरा), अजून १७ यार्डांची गरज, चेंडू स्वतःच्या ३९ यार्डांवर. जुन्या एलएसयूने इथे काय केलं असतं, हे शेंगदाणे विकणाऱ्या पोरानेही सांगितलं असतं: मधून धाव, घड्याळ चालू, पंट (चेंडू लाथेने दूर मारून देणं), आणि पुढचं बचावाच्या भरवशावर. टेक्ससने ब्लिट्झ पाठवला, म्हणजे जादा बचावपटू क्वार्टरबॅकवर सोडले. क्वार्टरबॅक अंगावर येणाऱ्याला चुकवून पुढे आणि डावीकडे सरकला, पाय धड टेकवायलाही वेळ नव्हता, तसाच फेकला. रिसीव्हरने पळता पळता पकडला तो एंड झोनमध्ये जाऊनच थांबला. ६१ यार्ड. पुढे ४५-३८, क्वार्टरबॅकचे एकूण ४७१ यार्ड. दुधाने तोंड पोळलेल्यांनी त्या रात्री ताक फुंकायचं सोडलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे: अलाबामाच्या मैदानात ४६-४१, १५ पैकी १५ विजय, क्वार्टरबॅकचे ६० टचडाउन पास, १३ जानेवारी २०२० ला क्लेमसनवर ४२-२५, आणि सरासरी ४८.४ गुण.

तो विजय साजरा होत असतानाच तरुण प्रशिक्षक कॅरोलायनाच्या व्यावसायिक संघाकडे गेला. क्वार्टरबॅक आणि बहुतेक मोहरेही गेले. जुना कोऑर्डिनेटर राहिला, आणि २०२० मध्ये सरासरी ३२.० वर आली, २०१८ पेक्षाही किंचित खाली. माझ्या म्हणण्याला हा आकडा सोयीचा नाही. महामारीचं वर्ष होतं, संघ अर्धा रिकामा होता, हे खरं असलं तरी. त्या हंगामानंतर जुन्या माणसाने खुर्ची सोडली. त्याच्या जागी विद्यापीठाने आणलेला प्रशिक्षक कॅरोलायनाच्या त्याच संघातला, त्याच तरुणाच्या हाताखालचा होता.