भुकेची हार्मोन्स, इन्सुलिन आणि रक्तातली साखर

जठर आणि आतडी रक्तात काही हार्मोन्स सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूला कळतं की खायचं की थांबायचं आणि स्वादुपिंडाला कळतं की इन्सुलिन किती सोडायचं. शुगरचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे फक्त इन्सुलिनवर बोलतात, पण त्याची निम्मी गोष्ट पोटातच घडते.

भूक लावणारं मुख्य हार्मोन म्हणजे घ्रेलिन. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते शोधलं, बनतं मुख्यतः जठराच्या वरच्या भागात. जेवणाआधी वाढतं, जेवल्यावर उतरतं आणि त्याला वेळेची सवय लागते, म्हणून रोज सकाळी नऊला मिसळ खाणाऱ्याच्या पोटात सुट्टीदिवशी पण नऊलाच कावळे ओरडतात. पोट रिकामं असताना घ्रेलिन इन्सुलिनला दाबून धरतं, म्हणजे उपाशीपोटी साखर फार खाली जाऊ नये अशी सोय, आणि जेवल्यावर इन्सुलिन वाढलं की उलट घ्रेलिन खाली येतं. झोप कमी झाली तर घ्रेलिन वाढू शकतं आणि इन्सुलिनचा परिणामही कमी होतो, त्यामुळे रात्रपाळीवाल्यांना सारखं खावंसं वाटतं त्यात त्यांचा काही दोष नाही.

दुसऱ्या बाजूला जीएलपी-१ आणि जीआयपी, जेवल्यावर आतड्यातून सुटणारी आणि इन्सुलिन वाढवणारी हार्मोन्स. १९६४ साली दिसून आलं की तेवढंच ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडाने दिलं तर इन्सुलिन बरंच जास्त सुटतं, म्हणजे अन्न आल्याची वर्दी आतडं स्वतः या हार्मोन्समधून देतं. निरोगी माणसात जेवणानंतरच्या इन्सुलिनचा निम्म्याहून जास्त भाग या वर्दीमुळे असतो, टाइप २ डायबेटिसमध्ये ती कमजोर पडते. जीएलपी-१ पोट सावकाश रिकामं करतं, साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनला आवरतं आणि पोट भरल्याची जाणीव देतं, पण रक्तात ते दोनेक मिनिटांत निम्मं होतं कारण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला तोडतं.

आता मिसळीची प्लेट बघा. खाली मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, तर्रीचा कट आणि बाजूला ब्रेडचे स्लाइस. मटकीतल्या प्रोटीन आणि फायबरमुळे साखर हळू चढते, कटाच्या तेलामुळे पोट उशिरा रिकामं होतं, पण स्लाइस मैद्याचे, त्यांचं ग्लुकोज पटकन होतं. आधी उसळ आणि कांदा खाऊन ब्रेड शेवटी घेतला तर साखरेची उडी सहसा कमी राहते, आणि दुसरा कट मागवताना आणखी दोन स्लाइस आले तर हिशेब परत बिघडतो.

गुळाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला पाहिजे. कोल्हापुरी गूळ आपला अभिमान आहे, तरीपण गुळाने शुगर वाढत नाही हे खरं नाही, गूळ म्हणजे बहुतांश सुक्रोजच, साखरेसारखा. सुक्रोजमधला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोजने ना इन्सुलिन तेवढं सुटतं ना घ्रेलिन तेवढं दबतं. उसाचा रस तर पातळ, पोटातून लगेच पुढे सरकतो, साखर झटकन चढते आणि पोट भरल्यासारखं फार वेळ वाटत नाही.

औषधं पण याच साखळीवर काम करतात. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्या डीपीपी-४ ला अडवतात, सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं जीएलपी-१ सारखंच पण जास्त वेळ काम करतात. यांचा इन्सुलिनवरचा परिणाम साखर वाढलेली असतानाच जास्त होतो, म्हणून एकट्याने घेतल्यावर साखर फार पडायचा धोका कमी. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन यांचं तसं नाही, ते घेऊन जेवण लांबलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम येतो, हात थरथरतात आणि सडकून भूक लागते. ही भूक नेहमीची नव्हे, अशा वेळी भाकरीची वाट न बघता लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत शुगर तपासायची.