अँप्लिफायरच्या आधी दिवा पेटवा

गल्लीतल्या मंडळाचा अँप्लिफायर माझ्याकडे आला तेव्हा फ्यूजच्या जागी चक्क तांब्याची तार पिळलेली होती. "फ्यूज सारखा उडत होता काका, म्हणून तार टाकली," आणणारा पोरगा म्हणाला.

उघडला. आउटपुटला ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोड्या. ५२०० अधिक ३५ व्होल्टकडून करंट देतो, १९४३ उणे ३५ कडे ओढतो आणि दोघांच्या मधल्या बिंदूवर स्पीकर. गाणं वाजत नसताना तिथे जवळपास शून्य व्होल्ट हवेत. यातला एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ३५ व्होल्ट डीसी थेट स्पीकरवर येतात. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर सहा ओहमच्या आसपास दाखवते. म्हणजे जवळजवळ सहा अँपिअर, २०० वॉट. आवाज काहीच नाही, नुसती उष्णता. म्हणून तपासताना स्पीकर काढूनच ठेवायचा.

मीटर बीपवर लावला, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. एका ५२०० च्या मधल्या आणि कडेच्या पायावर तो वाजला. गेला. बदलला.

नवखे इथेच फसतात, सरळ प्लग लावतात आणि नवा ट्रान्झिस्टरही घालवतात. मी मेनच्या वायरीत १०० वॉटचा जुना पिवळा दिवा सिरीजमध्ये टाकतो, म्हणजे सगळा करंट दिव्यातूनच आत जातो. एलईडी चालत नाही. जुन्या दिव्याची टंगस्टनची तार थंड असताना साधारण ४० ओहम, पूर्ण पेटल्यावर ५३०. आत कितीही शॉर्ट असला तरी अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच करंट जातो.

बटण दाबलं. दिवा भपकन पेटून मावळला: वीज साठवणारे फिल्टरचे कंडेन्सर भरले. छान. पण पाचेक मिनिटांनी दिव्याची तार हळूहळू लालसर व्हायला लागली, म्हणजे आत करंट वाढत होता.

ट्रान्झिस्टर तापला की तेवढ्याच बेस व्होल्टेजवर जास्त करंट सोडतो, दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टचा फरक. जास्त करंट, आणखी ताप. हे आवरायला बायसचा, म्हणजे आउटपुटच्या ट्रान्झिस्टरचं बेस व्होल्टेज ठरवणारा, छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला (त्यांची उष्णता घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला) स्क्रूने चिकटवलेला असतो. ताप लागला की तो बायस उतरवतो. इथे आधीच्या कोणीतरी स्क्रू लावलाच नव्हता आणि बिचारा हवेत लोंबत होता.

पेस्ट लावली, स्क्रू आवळला. अर्धा तास दिवा काळाच. मधल्या बिंदूवर १२ मिलिव्होल्ट. तांब्याची तार काढून पाच अँपिअरचा फ्यूज बसवला.

पोरगा म्हणाला, "काका, जरा मोठाच टाका ना."