खोक्यावरचे दोन आकडे : वॅट आणि ल्युमेन

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात एलईडी दिवा मागितला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "नऊचा देऊ का बाराचा, भाऊ?" हे नऊ आणि बारा म्हणजे वॅट, आणि वॅट जास्त म्हणजे उजेड जास्त, असे विकणारा व घेणारा दोघेही धरून चालतात. त्याच खोक्यावर, बहुधा बारीक अक्षरांत, ल्युमेनचाही एक आकडा छापलेला असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही. वास्तविक आपल्याला विकत घ्यायचा असतो तो उजेड, आणि दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो याचे माप ल्युमेन हे आहे. वॅट फक्त एवढेच सांगतो की तो उजेड देताना दिवा कोणत्या वेगाने वीज खाणार आहे.

ही गल्लत होण्यात ग्राहकाचा फारसा दोष नाही. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार तापून पांढरीफटक होत असे आणि त्या तापण्यातून उजेड मिळे. विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेतच जाई. सगळ्या कंपन्यांचे बल्ब याच तत्त्वावर चालत असल्यामुळे ६० वॅटचा कोणताही बल्ब सुमारे ७०० ल्युमेनच्या आसपास उजेड देई, आणि वॅटवरून उजेड ओळखण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या चुकली नाही. एलईडीमध्ये तार तापवावी लागत नाही. अर्धवाहकाच्या (सेमीकंडक्टरच्या) कणातून वीज वाहताना थेट प्रकाश निर्माण होतो. त्यामुळे ६० वॅटच्या बल्बचे काम सीएफएलने, म्हणजे वळणदार नळीच्या दिव्याने, १४–१५ वॅटमध्ये केले आणि एलईडी ते ८–९ वॅटमध्ये करतो. २०१५ साली सुरू झालेल्या, स्वस्तात एलईडी दिवे देणाऱ्या सरकारी उजाला योजनेतून ९ वॅटचे दिवे घरोघर पोहोचले, पण आपल्या डोक्यातला हिशेब तारेच्या बल्बचाच राहिला.

मीही त्यातलाच. काही वर्षांपूर्वी बचतीच्या उत्साहात मी स्वयंपाकघरातली चार फुटी ट्यूबलाईट काढून तिच्या जागी ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला. ४० वॅटच्या जागी ९, म्हणजे केवढा फायदा, असा माझा विचार. संध्याकाळी तांदूळ निवडायला बसलेल्या आईने दोनदा मान वर करून दिव्याकडे पाहिले आणि ताट उचलून ती बाहेरच्या खोलीत गेली. त्या जुन्या ट्यूबचा उजेड सुमारे २,४०० ल्युमेन होता आणि माझ्या नव्या दिव्याचा जेमतेम ९००. मी वीज वाचवली नव्हती, उजेड कमी केला होता. पुढे तिथे २० वॅटची एलईडी ट्यूब आली. तिच्या खोक्यावर २,००० ल्युमेन लिहिले होते, तरी ओट्यावर उजेड कमी वाटला नाही. कारण जुनी ट्यूब चहूबाजूंनी, अगदी मागच्या भिंतीवरही प्रकाश फेकत असे, आणि एलईडी ट्यूबचा प्रकाश मुख्यतः समोरच पडतो. शिवाय जुन्या ट्यूबवर ४० वॅट छापलेले असले तरी तिच्या तांब्याच्या तारेचा चोक आणखी १०–१२ वॅट खात असे, म्हणजे खरा खर्च ५० वॅटच्या वर होता.

वॅट सारखे असले म्हणून दोन दिवे सारखे होत नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते. ९ वॅटचा एक दिवा ७२० ल्युमेन देईल आणि दुसरा ९०० देईल. पहिल्यात एका वॅटमागे ८० ल्युमेन मिळतात, दुसऱ्यात १००. ऊर्जा दक्षता ब्युरो या सरकारी संस्थेचे, कमी विजेत जास्त काम दाखवणारे तारे एलईडी दिव्यांना याच गुणोत्तरावरून दिले जातात. पदपथावर ढीग लावून विकल्या जाणाऱ्या दिव्यांवर कित्येकदा ना तारे असतात ना ल्युमेन, आणि वॅटचाही आकडा खरा असेलच असे नाही.

आकड्यावरच्या भोळ्या विश्वासाचे सर्वांत गमतीचे उदाहरण देवघरातल्या झिरोच्या बल्बचे आहे. नाव झिरो, पण तारेचा तो लहान बल्ब १२ ते १५ वॅट खात असे. रात्रभर जळणारा तो 'शून्य' आजच्या ९ वॅटच्या मोठ्या दिव्यापेक्षा जास्त वीज ओढी.

बिलात मात्र वॅटही येत नाही आणि ल्युमेनही येत नाही. तिथे युनिट येते. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर ३० दिवसांत ९ युनिटे होतात, ९ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात १.३५ युनिट घेतो. पण हाच बदल रोज पंधरा मिनिटे लागणाऱ्या न्हाणीघरात केला, तर महिन्याला अर्धे युनिटही वाचत नाही. म्हणून बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि जिन्यातला दिवा आधी बदलावा. न्हाणीघरातला जुना बल्ब उडेपर्यंत थांबले तरी चालते.

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांनंतर पुढच्या युनिटांचा दर वाढतो. त्यामुळे दिव्यांतून वाचलेली युनिटे वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातून वजा होतात. नागपूरच्या मे महिन्यात कूलर रात्रंदिवस चालतो आणि बिल आपोआप वरच्या टप्प्यात जाते. तेव्हा त्याच दिव्याची बचत जानेवारीपेक्षा जास्त रुपयांची ठरू शकते. तरीही केवळ दिवे बदलून उन्हाळ्याचे बिल निम्मे होईल अशी आशा कोणी धरू नये, कारण त्यातला मोठा वाटा कूलर आणि पंख्यांचा असतो.

पांढरा दिवा जास्त उजेड देतो, हा आणखी एक समज. खोक्यावरचे ६५०० केल्व्हिन (पांढरा) आणि ३००० केल्व्हिन (पिवळसर) हे आकडे फक्त रंगछटा सांगतात. ल्युमेन सारखे असतील तर पिवळसर दिव्याचा उजेडही तेवढाच असतो. अभ्यासाच्या टेबलासाठी मात्र ल्युमेनपेक्षा अंतर महत्त्वाचे. छतावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा वहीपासून दीड फुटावरचा ५ वॅटचा टेबल लॅम्प जास्त कामाचा.

एलईडी तारेच्या बल्बइतका तापत नसला तरी त्याच्या बुडाशी असलेल्या इलेक्ट्रॉनिक भागाला उष्णता सोसत नाही. बाहेर ४५ अंश तापमान असताना गच्चीकडच्या बंद काचेच्या हंडीत लावलेला दिवा खोक्यावर लिहिलेल्या तासांच्या बराच आधी मरतो. अशा जागी हंडीला वारा खेळेल अशी फट ठेवावी किंवा दिवा उघड्या होल्डरमध्ये लावावा.