पाच वेळा खरं, सहाव्यांदा खोटं

परवा एका मित्राने नव्या गाडीसाठी ‘चॉइस नंबर’ घेतला. आकड्यांची बेरीज 5 यायला हवी, म्हणून वर जादा पैसे मोजले. त्याला म्हटलं, बेरीज 5 येणारी माझ्या आवडीची एक संख्या ऐक: 4,29,49,67,297. आकड्यांची बेरीज 59, मग 14, मग 5. यातून कळतं ते एवढंच, की 9 ने भागलं तर बाकी 5 उरते. अंकशास्त्रवाले 5 हा बुधाचा अंक मानतात, पण बुध ग्रहाचा त्यात काडीचा संबंध नाही. या संख्येची खरी गंमत वेगळीच आहे.

फर्मा हा फ्रान्समधल्या तुलूझचा कायदेपंडित, गणित हा त्याचा फावल्या वेळेतला नाद. 2 चा घात 1, 2, 4, 8, 16 असा दुप्पट करत न्यायचा आणि उत्तरात 1 मिळवायचा. येतात 3, 5, 17, 257, 65537. पाचही मूळ संख्या! 1640 मध्ये फर्माने पत्रातून कळवलं, की ही रांग अशीच पुढे जाणार. पुढची संख्या 2³² + 1, म्हणजे आपली वरचीच. 1732 मध्ये पंचविशीतल्या ऑयलर या स्विस गणितज्ञाने सांगितलं, तिला 641 ने भाग जातो. भागाकार 67,00,417. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा.

पण कॅल्क्युलेटर लागतच नाही, आणि मला वेड लावलंय ते यानेच. 641 दोन तऱ्हांनी लिहा:

641 = 5 × 2⁷ + 1
641 = 5⁴ + 2⁴

आता 641 ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीपुरतंच बोलू. म्हणजे 641 हे शून्यच. पहिल्या ओळीवरून 5 × 2⁷ च्या जागी −1 चालेल. दोन्हीकडे चौथा घात घ्या: 5⁴ × 2²⁸ च्या जागी 1. दुसऱ्या ओळीवरून 5⁴ म्हणजे −2⁴. तो आत ठेवला की −2³² च्या जागी 1 आला. म्हणजेच 2³² + 1 ची बाकी शून्य. झालं! चार अब्जांवरची संख्या, आणि भागाकार मांडलाच नाही.

मग 641 च का तपासायचा? वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या घेत बसलात तर त्या 6542 आहेत. पण p या मूळ संख्येने भाग जात असेल, तर बाकीच्या हिशेबात 2³² म्हणजे −1, आणि 2⁶⁴ म्हणजे 1. 2 च्या घातांचं चक्र बरोबर 64 पावलांनी मूळ जागी येतं, आणि असं चक्र p − 1 मध्ये पूर्ण वेळा बसावंच लागतं. म्हणून p ला 64 ने भागलं की बाकी 1 च हवी. अशा मूळ संख्या 193, 257, 449, 577, आणि पाचवी 641. हा नियम पुढे ऑयलरनेच सिद्ध केला. चक्र p − 1 मध्ये बसतं, हे मात्र फर्माचंच प्रमेय, तेही 1640 मधल्याच पत्रातलं. हत्यार हातात असून त्याने चालवलं नाही!

65537 नंतर या रांगेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. घात वीसदा दुप्पट केला की 3,15,653 अंकी संख्या येते. ती मूळ नाही, हे सिद्ध झालंय. पण तिला नेमका कशाने भाग जातो, ते कुणालाच माहीत नाही.