अमेरिकी कंपन्यांतील नोकरभरती, बढती आणि वंशभेद : पार्श्वभूमी

२ जुलै १९६५ रोजी अमेरिकेत नोकरीतील वंशभेदाला मनाई करणारा कायदा अमलात आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे हे सातवे प्रकरण. कायद्यावर स्वाक्षरी होऊन बरोबर एक वर्ष झाल्यावर ते लागू झाले. त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्रेपर येथे, ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात, भरतीचा एक नवा नियम सुरू झाला. मजूर विभाग सोडून अन्य कोणत्याही विभागात नव्याने लागायचे असेल, तर उमेदवाराने माध्यमिक शाळेच्या प्रमाणपत्राबरोबरच दोन लेखी चाचण्यांत ठरावीक गुण मिळवले पाहिजेत, असा तो नियम होता. तोपर्यंत या केंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागातच घेत असत. नव्या नियमात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. नोकरीतील वंशभेदाचा अमेरिकेतील पुढचा सगळा इतिहास या दोन घटना शेजारी ठेवून वाचला पाहिजे, असे मला वाटते, कारण तेव्हापासून खरा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे : भेदभाव ओळखायचा तो मालकाच्या मनातील हेतूवरून, की त्याने घातलेल्या नियमाच्या परिणामावरून?

त्याआधीच्या काळात हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते, कारण हेतू लपवण्याची गरज कोणाला वाटत नसे. कोणते काम कोणत्या वर्णाच्या माणसाला द्यायचे, हे जाहिरातीत, कामगार संघटनेच्या घटनेत आणि कारखान्याच्या रोजच्या व्यवहारात उघड सांगितलेले असे. यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये झालेल्या कायद्याने करार करण्याचा हक्क सर्व नागरिकांना गौरवर्णीयांच्या बरोबरीने दिला होता, पण खासगी नोकरीच्या बाबतीत तो शंभर वर्षे कागदावरच राहिला. तो खासगी मालकांनाही लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले ते १९७५ मध्ये. कायदा जिथे निजला होता तिथे लोकांनी बाजाराचा आधार घेतला. १९३० च्या दशकात शिकागो, न्यूयॉर्कमधील हार्लेम आणि वॉशिंग्टन येथील कृष्णवर्णीय वस्त्यांत, जे दुकान आपल्याला नोकरी देत नाही तेथे खरेदी करू नका, अशा मोहिमा निघाल्या. वॉशिंग्टनमधील निदर्शकांचा दुकानासमोर उभे राहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्ये मान्य केला.

सरकारला पहिल्यांदा हलवले ते रेल्वेच्या शयनयान सेवकांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत भरती जोरात चालू होती आणि त्यातून कृष्णवर्णीयांना वगळले जात होते. तेव्हा हजारो लोकांचा मोर्चा वॉशिंग्टनवर नेण्याचा इशारा त्यांनी दिला. तो टाळण्यासाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जून १९४१ रोजी आदेश काढून संरक्षण उद्योगांतील भेदभावाला मनाई केली आणि एक समिती नेमली. समितीपाशी चौकशीचा अधिकार होता, शिक्षेचा नव्हता, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तीही गुंडाळली गेली. तरीही न्यूयॉर्क राज्याने १९४५ मध्ये स्वतःचा कायदा केला, इतर काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले, आणि अशा प्रकारच्या तक्रारी कशा हाताळायच्या याचा थोडाफार अनुभव देशात जमा झाला. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी सरकारी कंत्राटदारांवर समान वागणुकीसाठी सकारात्मक पावले उचलण्याचे बंधन घातले. त्यापाठोपाठ जॉर्जियातील मॅरिएटा येथे कारखाना असलेल्या लॉकहीडसह अनेक कंपन्यांनी प्रगतीच्या स्वेच्छायोजनांवर सह्या केल्या. कंपन्यांनी आपणहून दिलेली वचने ही या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटणारी गोष्ट आहे, आणि ती पाळली गेली की नाही हे तपासणारी यंत्रणा बहुतेक वेळा वचनाइतकी ठळक नसते.

१९६४ चा कायदा मंजूर होत असतानाच चाचण्यांचा प्रश्न सिनेटमध्ये पोहोचला होता. इलिनॉय राज्याच्या आयोगापुढे मोटोरोला कंपनीविरुद्ध एका कृष्णवर्णीय उमेदवाराची तक्रार आली होती आणि कंपनीची भरतीची चाचणी वंचित गटांना अन्यायकारक आहे, असे चौकशी अधिकाऱ्याने ठरवले होते. धास्तावलेल्या उद्योजकांसाठी टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांनी दुरुस्ती आणली आणि भेदभाव करण्यासाठी न वापरलेल्या, व्यावसायिक पद्धतीने तयार केलेल्या चाचण्यांना कायद्यात संरक्षण मिळाले. कायदा मंजूर व्हावा म्हणून झालेली दुसरी तडजोड अधिक महाग पडली. समान रोजगार संधी आयोग स्थापन झाला, पण त्याला कंपनीवर खटला भरण्याचा अधिकार मिळाला नाही. तक्रार घेणे, चौकशी करणे, समेट घडवणे, आणि समेट न झाल्यास तक्रारदाराला न्यायालयाचा रस्ता दाखवणे, एवढेच त्याच्या हाती होते. खटला भरण्याचा अधिकार त्याला १९७२ मध्ये मिळाला.

ड्रेपरच्या वीजकेंद्राकडे आता परत यावे लागेल, कारण तेथील तपशीलच पुढे कायद्याचा पाया झाले. केंद्रात पाच विभाग होते आणि ९५ कर्मचाऱ्यांपैकी १४ कृष्णवर्णीय होते. मजूर विभागातील सर्वाधिक पगार इतर चार विभागांतील सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. शाळेच्या प्रमाणपत्राची अट कंपनीने १९५५ मध्येच घातली होती. त्यापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले गौरवर्णीय कामगार मात्र आपापल्या विभागात कामे नीट करत होते आणि त्यांना बढत्याही मिळत होत्या. कामासाठी प्रमाणपत्र खरोखर लागते का, या प्रश्नाचे उत्तर केंद्रातच रोज दिसत होते. १९६० च्या जनगणनेनुसार नॉर्थ कॅरोलायनातील ३४ टक्के गौरवर्णीय पुरुषांनी माध्यमिक शाळा पूर्ण केली होती, तर कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण १२ टक्के होते. आणि ही दरी त्याच राज्याने चालवलेल्या वेगळ्या व निकृष्ट शाळांतून निर्माण झाली होती. चाचण्यांसाठी कंपनीने जी गुणमर्यादा धरली, ती देशभरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पार करता आली नसती.

विली ग्रिग्ज आणि त्यांचे १२ सहकारी न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला आणि अपील न्यायालयातही प्रमाणपत्राच्या व चाचण्यांच्या अटी टिकल्या, कारण कंपनीचा हेतू वाईट असल्याचे सिद्ध झाले नव्हते. ८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने फिरवला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांची नेमणूक अध्यक्ष निक्सन यांनी केलेली, त्यांची ख्याती पुराणमतवादी. त्यांनीच लिहिलेल्या निकालपत्रात असे म्हटले होते की, काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, रोख केवळ हेतूवर नसून नोकरीविषयक पद्धतींच्या परिणामांवर आहे, आणि एखादी अट एखाद्या गटाला मोठ्या प्रमाणावर बाहेर ठेवत असेल तर ती त्या कामाशी संबंधित आहे हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीची आहे. या निकालाला मी फार महत्त्व देतो. मालकाच्या मनात काय होते हे साध्या कामगाराला कधीच सिद्ध करता येत नाही; नियमाने कोण बाहेर पडले, हे मात्र त्याला मोजून दाखवता येते.

फाटकातून आत गेल्यानंतरची अडचण वेगळी होती, आणि तिच्या बाबतीत न्यायालये इतकी खंबीर राहिली नाहीत. दक्षिणेकडील अनेक कारखान्यांत सेवाज्येष्ठता विभागवार मोजली जाई. वीस वर्षे हलक्या विभागात काढलेला कृष्णवर्णीय कामगार चांगल्या विभागात बदलून गेला, की त्याची ज्येष्ठता शून्यापासून सुरू होई. मंदी आली की कपातीत पहिला बळी त्याचाच. रिचमंड येथील फिलिप मॉरिसच्या तंबाखू कारखान्याबाबत १९६८ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने ठरवले की, कामगारांच्या एका पूर्ण पिढीला जुन्या भेदभावाच्या साच्यात गोठवून ठेवणे कायद्याला अभिप्रेत नव्हते. पण १९७७ मध्ये ट्रकचालकांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशा धरली : ज्येष्ठतेची पद्धत प्रामाणिकपणे ठरवलेली असेल, तर कायद्यापूर्वीच्या भेदभावाचे परिणाम तिने पुढे चालू ठेवले तरी ती वैध आहे. अनेक पिढ्यांच्या नुकसानीवर त्या निकालाने पडदा टाकला, अशी माझी धारणा आहे.

कार्यालयीन नोकऱ्यांच्या जगात बदल घडवला तो एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या प्रकरणाने. समान रोजगार संधी आयोगाला तेव्हा खटला भरता येत नसल्याने त्याच्या वकिलांनी डिसेंबर १९७० मध्ये एक आडवाट शोधली. कंपनीने दूरसंचार आयोगाकडे दरवाढ मागितली होती. तेथेच त्यांनी हरकत नोंदवून वांशिक आणि स्त्री-पुरुष भेदभावाचे पुरावे मांडले. जानेवारी १९७३ मध्ये तडजोड झाली, त्यात जुन्या थकबाकीपोटी सुमारे १.५ कोटी डॉलर आणि वर्षाला सुमारे २.३ कोटी डॉलरची वेतनवाढ होती. मोठ्या कंपन्यांनी धडा घेतला. समान संधीचे विभाग उघडले गेले, नियमपुस्तिका तयार झाल्या, आणि १९६५ च्या अध्यक्षीय आदेशामुळे सरकारी कंत्राटदारांना भरतीची उद्दिष्टे लिहून ठेवावी लागली.

या लाटेत कृष्णवर्णीय पदवीधर कंपन्यांत आले, पण ते कोठे बसवले गेले हे पाहिले पाहिजे. समाजशास्त्रज्ञ शॅरन कॉलिन्स यांनी १९८६ मध्ये शिकागोतील मोठ्या कंपन्यांच्या ७६ कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य लोक कधी ना कधी समान संधी, शहरी समस्या, लोकसंपर्क किंवा कृष्णवर्णीय ग्राहक अशा खात्यांत ठेवलेले होते, असे दिसले. पदनाम मोठे आणि पगार चांगला, पण उत्पादन, वित्त किंवा विक्री या ज्या खात्यांतून सर्वोच्च पदाकडे वाट जाते, तेथील अनुभव त्यांना मिळत नव्हता. आणि सरकारी दबाव सैल झाला की हीच खाती आधी आकसत. १९९१ च्या कायद्याने नेमलेल्या संघराज्य आयोगाने १९९५ मध्ये अहवाल दिला, तेव्हा सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या वरिष्ठ व्यवस्थापकांत ९७ टक्के गौरवर्णीय होते. फॉर्च्यून ५०० या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या यादीतील कंपनीचे प्रमुखपद कृष्णवर्णीय व्यक्तीकडे पहिल्यांदा गेले ते १९८७ मध्ये, क्लिफ्टन व्हार्टन यांच्या रूपाने; कृष्णवर्णीय स्त्रीकडे २००९ मध्ये, झेरॉक्सच्या अर्सुला बर्न्स यांच्या रूपाने.

१९९१ च्या त्या कायद्याची गरज पडली, कारण १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिणामावर आधारित दाव्यांत पुराव्याचा भार पुन्हा कामगाराच्या खांद्यावर टाकला होता. काँग्रेसने ग्रिग्ज निकालाचे तत्त्व थेट कायद्यात लिहिले आणि हेतुपुरस्सर भेदभावासाठी मर्यादित भरपाईची सोयही केली. त्यानंतर मोठे सामूहिक दावे आले. अधिकाऱ्यांच्या बैठकीच्या ध्वनिफिती उघड झाल्यावर टेक्साको कंपनीने १९९६ मध्ये सुमारे १७.६ कोटी डॉलरची, तर कोका-कोलाने २००० मध्ये १९.२५ कोटी डॉलरची तडजोड केली. दोन्ही दावे मुख्यतः पगार आणि बढतीचे होते.

कंपन्यांनी त्यावर मुख्यतः प्रशिक्षण वर्गांचा उपाय शोधला. फ्रँक डॉबिन, अलेक्झांड्रा कालेव्ह आणि एरिन केली यांनी ७०० हून अधिक कंपन्यांची तीन दशकांची आकडेवारी तपासून २००६ मध्ये दाखवले की, व्यवस्थापकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढवण्यात असे वर्ग फारसे उपयोगी पडत नाहीत. परिणाम दिसतो तो एखाद्या व्यक्तीवर किंवा समितीवर जबाबदारी निश्चित केल्याने.

भरतीच्या दारात काय घडते, हे संशोधकांनी प्रत्यक्ष अर्ज पाठवून तपासले. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन यांनी बॉस्टन व शिकागोतील जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. त्यांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले : गोऱ्या वाटणाऱ्या नावाला एका बोलावण्यासाठी सुमारे १० अर्ज पुरत, काळ्या वाटणाऱ्या नावाला १५, आणि अर्जाची गुणवत्ता वाढवली तर फायदा प्रामुख्याने पहिल्यालाच होई. मिलवॉकीत डेव्हा पेजर यांनी उमेदवार समक्ष पाठवले. तुरुंगवास भोगल्याचे सांगणाऱ्या गौरवर्णीय तरुणांना १७ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले, निष्कलंक कृष्णवर्णीय तरुणांना १४ टक्के ठिकाणांहून. हे दोन आकडे शेजारी वाचताना मला दरवेळी संताप येतो. १९८९ पासूनच्या अशा २८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीयांविरुद्धचा भेदभाव पंचवीस वर्षांत कमी झाल्याचे त्यात आढळले नाही.

२०२२ मध्ये आलेल्या आणखी मोठ्या प्रयोगात पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोज आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी १०८ मोठ्या कंपन्यांकडे सुमारे ८३,००० अर्ज पाठवले. गोऱ्या आणि काळ्या वाटणाऱ्या नावांना आलेल्या प्रतिसादांतील एकूण फरकापैकी जवळपास निम्मा फरक फक्त पाचव्या हिश्श्याएवढ्या कंपन्यांत एकवटला होता. म्हणजे त्याच बाजारात बऱ्याच कंपन्या कितीतरी कमी भेदभाव करून भरती करत आहेत, आणि हे समाजाचे दुखणे आहे, आम्ही काय करणार, हे सांगण्याची सोय उरलेल्यांना राहत नाही.

मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर कंपन्यांनी पुन्हा मोठी वचने दिली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास मनाई केली. निकाल नोकऱ्यांविषयी नव्हता, तरी अनेक कंपन्यांनी आपल्या योजना गुपचूप आवरत्या घेतल्या. २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी १९६५ चा कंत्राटदारांविषयीचा आदेश रद्द केला, आणि त्याच वर्षी २३ एप्रिलला परिणामावर आधारित भेदभावाच्या प्रकरणांना सरकारी यंत्रणांनी प्राधान्य देऊ नये, असा दुसरा आदेश काढला. काँग्रेसने १९९१ मध्ये लिहिलेले कलम अध्यक्षीय आदेशाने पुसले जात नाही, त्यामुळे कामगाराला स्वतः न्यायालयात जाण्याचा मार्ग आजही मोकळा आहे. मात्र असा दावा शेकडो अर्जांच्या आणि बढत्यांच्या नोंदींवर उभा राहतो. त्या नोंदी कंपनीच्या ताब्यात असतात, आणि त्या मागवून तपासण्याची ताकद ज्या सरकारी यंत्रणेकडे आहे, तिलाच आता या कामापासून दूर राहण्यास सांगण्यात आले आहे.