फेयॉलची व्यवस्थापन तत्त्वे

माणसांकडून काम कसे करून घ्यावे आणि संस्था कशी चालवावी, यासंबंधी फ्रेंच खाण-अभियंते आंरी फेयॉल (२९ जुलै १८४१–१९ नोव्हेंबर १९२५) यांनी मांडलेली चौदा तत्त्वे. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव हेन्री फेयॉल असे येते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर, जर्मनीत मॅक्स वेबर आणि फ्रान्समध्ये फेयॉल यांच्या लेखनातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो विचार उभा राहिला, त्याला अभिजात व्यवस्थापन विचार म्हणतात. टेलर यांचे लक्ष यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगारावर होते, वेबर यांचे कचेरीच्या रचनेवर. फेयॉल यांनी सबंध संस्थेकडे पाहिले आणि तेही तिच्या प्रमुखाच्या खुर्चीतून. ती खुर्ची त्यांनी तीस वर्षे सांभाळली होती. त्यांच्या तत्त्वांचे बळ या अनुभवात आहे, आणि त्यांच्या मर्यादाही तिथूनच आल्या आहेत.

खाणीतली जडणघडण

फेयॉल यांचा जन्म इस्तंबूलचा. वडील अभियंते होते आणि कामानिमित्त तिकडे राहत होते. सेंत-एत्येनच्या खाणविद्यालयातून बाहेर पडून १८६० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मध्य फ्रान्समधल्या कोमांत्री इथल्या कोळसा खाणीत रुजू झाले आणि शेवटपर्यंत त्याच कंपनीत राहिले. हवेशी संपर्क आल्यावर कोळसा आतल्या आत तापतो आणि पेट घेतो. अशा भूमिगत आगींचा बंदोबस्त करणे हे त्यांचे सुरुवातीचे मोठे काम होते. पुढे कोमांत्रीच्या खोऱ्यातल्या कोळशाचे थर कसे तयार झाले यावर त्यांनी केलेले संशोधन भूविज्ञानात नावाजले गेले. म्हणजे निरीक्षण, नोंद आणि मग अनुमान ही शिस्त त्यांच्या हाडात भिनलेली होती. हीच शिस्त त्यांनी माणसांच्या कारभाराला लावली.

नोकरीतल्या पहिल्या वर्षांतली एक घटना त्यांनी टिपून ठेवली होती. १८६१ मध्ये खाणीच्या खालच्या पातळीवर गाड्या ओढणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला. फेयॉल यांनी बदली घोड्यासाठी चिठ्ठी लिहून तबेल्याकडे पाठवली. तबेलेवाल्याने घोडा द्यायला नकार दिला, कारण चिठ्ठीवर संचालकांची सही नव्हती. संचालक बाहेरगावी गेले होते आणि त्यांच्या गैरहजेरीत सही कोणी करायची हे कोणालाही नेमून दिलेले नव्हते. तरुण अभियंत्याने परोपरीने विनवले, तरी तबेलेवाला हुकमावर बोट ठेवून अडून बसला. घोडा मिळाला नाही आणि त्या पातळीवरचे उत्पादन बुडाले. तबेल्यात घोडा होता, खाली माणसे होती, कोळसाही होता. कमी होती ती कारभाराची. चौदा तत्त्वांपैकी निम्मी तरी या एका प्रसंगात सापडतात, म्हणून ती समजून घ्यायची तर सुरुवात इथून करणे बरे.

१८६६ मध्ये ते कोमांत्री खाणीचे व्यवस्थापक झाले आणि १८८८ मध्ये कंपनीचे महासंचालक. तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. भागधारकांना लाभांश मिळणे थांबले होते, लोखंडाचे कारखाने तोट्यात होते आणि जुन्या खाणींतला कोळसा संपत आला होता. फेयॉल यांनी फूर्शांबो इथला कारखाना बंद केला, पोलादाचे काम मोजक्या ठिकाणी एकवटले आणि १८९२ मध्ये देकाझव्हील इथल्या खाणी व कारखाने कंपनीत घेतले. संशोधनावरही त्यांनी पैसा लावला. कंपनीच्या एंफी इथल्या पोलाद कारखान्याच्या सहकार्याने शार्ल-एद्वार गियोम यांनी निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवर काम केले. तापमान बदलले तरी जवळजवळ न प्रसरणारा इन्व्हार हा मिश्रधातू त्यातून निघाला आणि १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गियोम यांना मिळाले. १९१८ मध्ये फेयॉल पायउतार झाले तेव्हा कंपनीची आर्थिक स्थिती भक्कम होती. खाणी, कारखाने, बाजार, संचालक मंडळ आणि माणसे सगळे तेच असताना फक्त कारभाराची रीत बदलल्याने कंपनी सावरली, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. नव्या खाणींचा वाटा लक्षात घेतला तर हा दावा थोडा ताणलेला वाटतो, पण त्यातला मुद्दा खोटा नाही.

ग्रंथ आणि मांडणी

आपले विचार त्यांनी प्रथम खाण-अभियंत्यांच्या संमेलनांत मांडले, १९०० मध्ये पॅरिसला आणि १९०८ मध्ये सेंत-एत्येनला. १९१६ मध्ये ते खाण-उद्योग संस्थेच्या पत्रिकेत सविस्तर प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आले. इंग्रजी वाचकांपर्यंत मात्र ते फार उशिरा पोचले. १९४९ च्या इंग्रजी अनुवादानंतरच फेयॉल हे नाव जगभरच्या वर्गांत ऐकू येऊ लागले.

कोणत्याही उद्योगातली कामे ते सहा गटांत विभागतात: तांत्रिक, व्यापारी, वित्तीय, सुरक्षाविषयक, हिशेबाची आणि प्रशासकीय. शेवटच्या गटात नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण अशी पाच अंगे येतात. कोणाला कोणते कौशल्य किती लागते याचे अंदाजही त्यांनी आकड्यांत दिले. मोठ्या कारखान्यातल्या कामगाराला शंभरपैकी ८५ भाग तांत्रिक कौशल्य लागते आणि ५ भाग प्रशासकीय. त्याच कारखान्याच्या व्यवस्थापकाला तांत्रिक १५ आणि प्रशासकीय ४०. हे आकडे मोजमापाचे नव्हेत, त्यांच्या अनुभवाचे मत आहेत, आणि त्यांनीही ते मत म्हणूनच दिले. पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्या काळी धाडसाचा होता: उत्तम अभियंता वर चढला की आपोआप उत्तम प्रमुख होतो असे नाही, कारभार ही वेगळी विद्या आहे आणि ती शाळांतून शिकवली पाहिजे. फ्रान्समधल्या अभियांत्रिकी विद्यालयांत गणितावर दिला जाणारा भर त्यांना अनाठायी वाटे आणि ते तसे उघडपणे लिहीत.

चौदा तत्त्वे

श्रमविभाजन, अधिकार व जबाबदारी, शिस्त, आदेशातील एकता, निर्देशनातील एकता (एका उद्दिष्टाच्या सगळ्या कामांना एकच प्रमुख आणि एकच योजना), सामूहिक हिताला अग्रक्रम, मोबदला, केंद्रीकरण, अधिकार-साखळी, सुव्यवस्था, समन्याय, नोकरीतील स्थैर्य, पुढाकार आणि संघभावना ही ती चौदा तत्त्वे. यादी चौदावर थांबते ती केवळ आपल्याला वारंवार वापरावी लागली ती इतकी, म्हणून. यादीला नेमकी मर्यादा नाही आणि कोणतेही तत्त्व ताठर नाही, असे फेयॉल यांनी सुरुवातीलाच सांगितले आहे. कारभारात प्रमाण महत्त्वाचे, असे ते पुन्हापुन्हा म्हणतात. परीक्षेसाठी चौदा मुद्दे पाठ करताना नेमके हेच वाक्य गळून पडते.

अधिकाराचे ते दोन भाग करतात. एक पदामुळे येणारा. दुसरा बुद्धी, ज्ञान, चारित्र्य आणि पूर्वीची कामगिरी यांतून माणसाला मिळणारा. पहिल्याला दुसऱ्याची जोड नसेल तर तो तोकडा पडतो. अधिकार हवा असतो सगळ्यांना, जबाबदारी मात्र टाळली जाते, आणि त्यामुळे पुढाकाराची हानी होते. शिस्तीबद्दलही त्यांचे मत वरिष्ठांना न आवडणारे आहे. शिस्त बिघडली की आपण खालच्यांना दोष देतो. पण बहुतेक वेळा मूळ वरच्यांच्या नालायकीत असते, असे ते स्पष्ट लिहितात.

आदेशातील एकता हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत कळीचे तत्त्व. एका माणसाला एका कामासाठी एकाच वरिष्ठाकडून हुकूम मिळावा. ते मोडते कसे, याची त्यांनी दिलेली कारणे कोणत्याही कचेरीत ओळखू येतील: वेळ वाचवायला साहेब मधल्या माणसाला वगळून थेट खाली सांगतात, दोन भागीदार किंवा घरातलीच माणसे मिळून धंदा पाहतात आणि कोणी काय पाहायचे हे संकोचाने ठरवतच नाहीत, विभागांच्या सीमा धूसर राहतात. याच मुद्द्यावर त्यांनी टेलर यांच्याशी जाहीर मतभेद नोंदवला. टेलर यांच्या योजनेत एका कामगारावर वेग, दुरुस्ती, तपासणी अशा बाबींसाठी आठ वेगवेगळे मुकादम असत. तज्ज्ञांची मदत फेयॉल यांनाही हवी होती, पण हुकमाचा अधिकार वाटून टाकणे त्यांना धोक्याचे वाटले.

अधिकार-साखळी आणि तिच्यावरचा पूल हा मात्र त्यांच्या विचाराचा सर्वांत मौलिक भाग म्हणावा लागेल. दुहेरी शिडी डोळ्यांसमोर आणावी. टोकाला ‘ए’ हा प्रमुख; एका बाजूला बी, सी, डी, ई, एफ, जी असे उतरते अधिकारी, दुसऱ्या बाजूला एल, एम, एन, ओ, पी, क्यू. एका विभागातल्या एफला दुसऱ्या विभागातल्या पीशी काम पडले, तर नियमाप्रमाणे कागद एफपासून एकेक पायरी चढत एपर्यंत जाणार, तिथून पायरीपायरीने पीपर्यंत उतरणार, आणि उत्तर त्याच वाटेने परत येणार. फेयॉल म्हणतात, दोघांमध्ये पूल टाका. ई आणि ओ या त्यांच्या वरिष्ठांनी परवानगी द्यावी, एफ आणि पीने थेट बोलून निकाल लावावा आणि काय ठरले ते लगेच आपापल्या वरिष्ठाला कळवावे. दोघांचे जमले नाही किंवा वरिष्ठांची संमती उरली नाही, तर प्रकरण पुन्हा साखळीवर यावे. अशा रीतीने हुकमाची एकताही टिकते आणि वेळही वाचतो. सरकारी खात्यांत हा पूल टाकायला लोक कचरतात ते जबाबदारीच्या भीतीने, हे त्यांचे निरीक्षण. ज्याने कधी टेबलाटेबलावरून फिरणाऱ्या फाइलचा पाठपुरावा केला आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

सुव्यवस्थेबद्दल त्यांनी एका पोलाद कारखान्याच्या आवाराचे उदाहरण दिले आहे. आवार झाडूनपुसून लख्ख, पोलादाचे ठोकळे नीट रचलेले. जवळ जाऊन पाहिले तर एकाच राशीत वेगवेगळ्या कामांसाठीचे पाच-सहा प्रकारचे पोलाद मिसळलेले! उचलठेव फुकटची, वेळ वाया, चुकीचा माल जाण्याचा धोका वेगळाच. उलट एखाद्या कामसू माणसाच्या टेबलावर पसरलेले कागद अव्यवस्थित दिसतात, पण कोणता कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. हेतू चांगला असलेला पण अजाण नोकर ते गोळा करून नीटस गठ्ठे करतो आणि खरी व्यवस्था मोडून टाकतो. दिसणारी टापटीप आणि कामाची सुव्यवस्था यांतला हा भेद तपासणीच्या तयारीला लागलेल्या प्रत्येक संस्थेने ध्यानात घ्यावा.

समन्याय म्हणजे ठरलेले करार पाळणे एवढेच नव्हे. करारात सगळे आधी सुचत नाही. त्यातल्या रिकाम्या जागा भरताना माणुसकी लागते. न्यायात सहृदयता मिसळली की समन्याय होतो, अशी त्यांची व्याख्या आहे. स्थैर्याबाबत ते सांगतात की येऊन लगेच जाणाऱ्या हुशार व्यवस्थापकांपेक्षा टिकून राहणारा बेताचा व्यवस्थापक परवडतो, कारण मोठ्या खाणीतली माणसे आणि कामे ओळखायलाच वर्षे लागतात. संघभावनेखाली एक अगदी व्यावहारिक सूचना आहे: शेजारच्या विभागांनी एकमेकांना पत्रे लिहू नयेत, उठून जाऊन बोलावे, लेखी उत्तर-प्रत्युत्तरांत साधा गैरसमज भांडण होऊन बसतो.

मोबदल्याखाली रोजंदारी, ठोक काम, नगावारी, बक्षिसी आणि नफ्यातला वाटा यांचे गुणदोष येतात. त्यात आज फारसे नवे नाही. नियोजनाचा भाग अधिक मोलाचा. त्यांच्या कंपनीत वर्षाचा आणि दहा वर्षांचा अंदाज तयार होई आणि दशवार्षिक अंदाज दर पाच वर्षांनी नव्याने बांधला जाई. १९२१ मध्ये फ्रान्सच्या टपाल, तार व दूरध्वनी खात्याची त्यांनी चिकित्सा केली ती हीच मोजपट्टी लावून. वर बसणारा राजकीय प्रमुख सतत बदलणारा, दीर्घ मुदतीची योजना नाही, ताळेबंद नाही आणि लोकप्रतिनिधींचा हस्तक्षेप भरपूर, असे दोष त्यांनी दाखवले.

प्रभाव आणि टीका

१९३७ मध्ये प्रशासनाचे अभ्यासक ल्यूथर गुलिक आणि लिंडल अर्विक यांनी संपादित केलेल्या निबंधसंग्रहामुळे हा विचार अमेरिकेतल्या लोकप्रशासनात रुजला. महाराष्ट्रात बारावी वाणिज्यच्या ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ या विषयात फेयॉल आणि टेलर यांची तत्त्वे शिकवली जातात, त्यामुळे कॉमर्सच्या विद्यार्थ्यांची फेयॉलशी पहिली ओळख बहुधा तिथेच होते.

अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९४६ मध्ये या परंपरेवर घाव घातला. प्रशासनाची तत्त्वे म्हणींसारखी जोडीजोडीने परस्परविरोधी असतात, हा त्यांचा आक्षेप. कामाचे विशेषीकरण करायचे तर तज्ज्ञाचे ऐकावे लागते, मग आदेशातील एकता कशी राहणार? हा प्रश्न आजच्या प्रकल्पपद्धतीच्या कंपन्यांत रोजचा आहे. तिथे एकाच माणसाला प्रकल्पाचा प्रमुख वेगळा आणि विभागाचा वेगळा असतो. कॅनडाचे व्यवस्थापन-अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७३ मध्ये व्यवस्थापकांचा प्रत्यक्ष दिवस तपासून दाखवले की नियोजन-संघटन-नियंत्रण अशा सुबक कप्प्यांत तो बसत नाही. तो तुकड्यातुकड्यांचा, बोलण्याचा आणि मध्येच अडवला जाण्याचा असतो.

सर्वांत मोठी उणीव मात्र कामगारांच्या बाजूने पाहिल्यावर दिसते. कोमांत्री हे शांत गाव नव्हते. तिथे १८८२ मध्ये ख्रिस्तोफ तिव्हरिए हे पूर्वी खाणीत काम केलेले समाजवादी नेते नगराध्यक्ष झाले. देकाझव्हीलला १८८६ च्या संपात जमावाने खाणीचे उपसंचालक वात्रँ यांना ठार केले होते आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी फेयॉल यांच्या कंपनीने त्या खाणी हाती घेतल्या. हा ताण चौदा तत्त्वांत जवळजवळ उमटलेला नाही. कामगार संघटना येतात त्या कराराचा दुसरा पक्ष म्हणून. खालच्या माणसाच्या पुढाकाराचे फेयॉल यांना मनापासून कौतुक आहे, पण संस्थेचे धोरण ठरवण्यात त्याला बोलू द्यावे का, हा प्रश्न ते विचारत नाहीत.