चंद्रावर जायचंय हे चार लाख लोकांना कसं पटलं?

कंपनीची टाऊनहॉल मीटिंग असते, सीईओ स्टेजवर येतो, मागच्या स्लाईडवर इनोव्हेशन, एक्सलन्स, इंटेग्रिटी, कस्टमर फर्स्ट असे सात-आठ शब्द, टाळ्या वाजतात आणि सगळे चहाला पळतात. दुसऱ्या दिवशी कोणाच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. मग वरचे म्हणतात लोकांना काही पडलेलीच नाहीये. मला हे अजिबात पटत नाही, कारण सांगण्याच्या पद्धतीतच कुठे गडबड होते यावर चांगला अभ्यास झालेला आहे.

१९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं, बस. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३! घरी गणपतीच्या आरतीची चाल अशी वाजवून बघा, तुमच्या डोक्यात झांजा, टाळ्या, सगळी मंडळी एकदम सुरू होतात आणि समोरच्याला ऐकू येते नुसती टकटक. कंपनीच्या व्हिजनचं, म्हणजे पुढे कुठे पोचायचं त्या चित्राचं, अगदी असंच होतं. बोर्डरूममध्ये महिनोन्‌महिने चर्चा झालेली असते म्हणून लीडरला ‘एक्सलन्स’ म्हटलं की पूर्ण चित्र दिसतं, पण खाली पोचतो तो फक्त शब्द, आणि प्रत्येक डिपार्टमेंट त्याचा आपापला अर्थ लावून कामाला लागतं.

व्हार्टन बिझनेस स्कूलचे प्राध्यापक अँड्र्यू कार्टन यांनी नेमकं ह्याच्यावर काम केलंय. २०१४ च्या एका पेपरमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही टीम्सना खेळणं बनवायला दिलं. काहींना सांगितलं की आपली खेळणी ग्राहकांना आवडतील, आणि काहींना सांगितलं की मुलं डोळे मोठे करून हसतील, आईबाबा कौतुकाने बघतील. दुसऱ्या प्रकारात डोळ्यासमोर काहीतरी उभं राहतं ना, तेच महत्त्वाचं. सगळ्यात चांगलं काम झालं ते जिथे असं चित्र होतं आणि सोबत एक्सलन्स, इंटेग्रिटीसारखी मूल्यं अगदी मोजकी होती तिथे. कारण सगळ्यांच्या डोक्यात साधारण एकच चित्र असलं की एकमेकांशी जुळवून घेणं सोपं जातं.

पण नुसतं चित्र पुरत नाही, आणि इथेच मला नासाची गोष्ट फार भारी वाटते. १९५८ च्या ज्या कायद्याने नासा सुरू झाली त्यात उद्दिष्टांची यादीच होती, ज्ञान वाढवायचं, विमानं आणि यानं सुधारायची, देशाला आघाडीवर ठेवायचं वगैरे. २५ मे १९६१ ला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांनी तिथल्या संसदेत सांगितलं की हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा आणि सुखरूप परत आणायचा. एक जागा, एक मुदत. तेव्हा अमेरिकेचा माणूस अंतराळात पाठवण्याचा एकूण अनुभव किती होता? ॲलन शेपर्ड यांचं १५ मिनिटांचं एक उड्डाण, तेही त्याच महिन्यातलं!

कार्टननी २०१८ मध्ये नासाच्या त्या काळातल्या कागदपत्रांवर पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं असं की केनेडींनी अनेक उद्दिष्टांमधून एक पुढे आणलं, मग त्याला चंद्राचं ठोस रूप दिलं, आणि रोजच्या कामापासून तिथपर्यंत पायऱ्या दाखवल्या. पहिली पायरी नासाचा मर्क्युरी कार्यक्रम, म्हणजे माणूस पृथ्वीभोवती फिरवून आणणं. मग जेमिनी, म्हणजे चंद्राच्या प्रवासासाठीचा सराव, आणि मग अपोलो, म्हणजे प्रत्यक्ष चंद्र. ह्यातली जेमिनी नीट बघण्यासारखी आहे. १९६२ मध्ये ठरलं होतं की चंद्रावरून निघालेलं छोटं यान वर फिरत असलेल्या मोठ्या यानाला जाऊन गाठेल, म्हणजे अवकाशात दोन यानं जवळ आणणं जमलंच पाहिजे, नाहीतर माणसं परत येणार नाहीत. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ए आणि जेमिनी ७ एकमेकांपासून साधारण फूटभर अंतरापर्यंत आली. त्याच फेरीत जेमिनी ७ चे दोघं १४ दिवस वर राहिले, कारण चंद्रावर जाऊन यायला लागणारे दिवस शरीराला झेपतात का ते बघायचं होतं. अशी शिडी समोर असली की सर्किट जोडणाऱ्यालाही आपलं सर्किट कुठल्या पायरीवर बसतं ते दिसतं, आणि कार्टन म्हणतात तसं ‘मी सर्किट बनवतोय’ चं ‘मी माणूस चंद्रावर पाठवतोय’ होतं. अपोलोच्या भराच्या काळात असे सुमारे ४ लाख लोक कामाला होते, बहुतेक बाहेरच्या कंपन्यांमधले.

आपल्याकडे बरेच लीडर मधल्या पायऱ्याच गाळतात असं मला वाटतं. २०३० ला नंबर वन व्हायचं हे सांगतात पण पुढच्या मार्चपर्यंत गोडाऊनमध्ये काय बदललेलं दिसेल हे कोणीच सांगत नाही.

अर्थात ठोस चित्राची किंमतही असते, ते पूर्ण होतं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय बजेटचे ४ टक्क्यांहून जास्त पैसे नासाला मिळत होते, मग ते उतरायला लागले. जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला आणि १९७० मध्येच आखलेल्या अपोलो मोहिमांपैकी तीन रद्द झाल्या. १९७२ मध्ये स्पेस शटलला मंजुरी मिळाली, पुन्हा पुन्हा वापरता येईल आणि खर्च कमी होईल असं त्याचं समर्थन होतं, पण त्यात बसून नेमकं कुठे जायचंय ते मात्र ठरलेलं नव्हतं.